विचारायचं की मागवायचं?

परवा रविवारी दुपारी जेवण होऊन जरा आडवा होतोय, तोच पुतणीचा फोन. ती नाशिकला एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात अ‍ॅडमिनिस्ट्रेशनला आहे.

"काका, तुमच्याकडे एखादा तयार आरएफपी आहे का हो? शुक्रवारपर्यंत द्यायचाय."

तयार आरएफपी! जणू कोपऱ्यावरच्या दुकानातलं तयार इडलीचं पीठ. झोप उडाली ती उडालीच. संध्याकाळपर्यंत तीन फोन झाले, आणि मग वाटलं की हे एकदा लिहूनच काढावं. इथे येणाऱ्यांत निम्मे आमचे नातेवाईक आहेत. त्यांतल्या आमच्या आत्याने मागे "तू नक्की काय काम करायचास रे?" असं विचारून मला निरुत्तर केलं होतं. तिलाही हे उत्तर समजावं.

तर आत्या, मी एकतीस वर्षं कंपन्यांमध्ये कॉम्प्युटरचं काम सांभाळलं. सुरुवातीला त्या खात्याला ईडीपी म्हणत, मग सिस्टिम्स म्हणू लागले, मग आयटी. टेबल तेच, पाटी बदलायची. या कामात दर चार-पाच वर्षांनी एक प्रसंग येतो : कंपनीला नवी सिस्टिम हवी असते. हिशोबाची, स्टोअरची, पगाराची, नाहीतर सगळ्याची मिळून एक. ती बाहेरून घ्यायची, म्हणजे विकणाऱ्यांना पत्र पाठवावं लागतं. हे पत्र दोन प्रकारचं असतं. एक आरएफआय, म्हणजे रिक्वेस्ट फॉर इन्फर्मेशन. "आमची अडचण अशी अशी आहे, तुमच्याकडे काय आहे, बाकीचे लोक काय करतात, साधारण किती खर्च येतो, जरा सांगता का?" दुसरं आरएफपी, रिक्वेस्ट फॉर प्रपोजल. "आम्हाला नेमकं हे हवं आहे, या अटींवर, या तारखेपर्यंत. तुम्ही कसं कराल आणि किती घ्याल ते लेखी द्या." (तिसरं आरएफक्यू असतं, त्यात फक्त भाव. खुर्च्या आणि टोनर घेताना ते ठीक.)

एकात आपण विचारतो, दुसऱ्यात मागवतो. फरक एवढाच, पण या फरकापायी लोकांचे संसार हललेले मी पाहिलेत. त्यातल्या एकात माझा हात होता, ते पुढे सांगतो.

आमच्या गावच्या घराचं उदाहरण घ्या. छप्पर गळायला लागलं की दादा गवंड्याला बोलावून म्हणायचा, "शंभर कौलं बदलायचीत, किती घेशील?" गवंडी शंभर कौलांचा भाव सांगायचा, बदलून जायचा, आणि पुढच्या पावसात घर पुन्हा गळायचं. दोन वर्षं असंच. तिसऱ्या वर्षी वहिनीने नुसतं विचारलं, "हे गळतंय कुठून, ते बघता का जरा?" तो वर चढला आणि म्हणाला, "वहिनी, कौलं बरी आहेत. भिंत आणि छप्पर मिळतं तिथला सांधा गेलाय." आधीची दोन वर्षं तो खोटं बोलत नव्हता. त्याला जे विचारलं त्याचं उत्तर त्याने दिलं होतं.

आता पुतणीकडे येतो. तिने इंटरनेटवरून कुठलातरी आरएफपी उतरवून घेतला होता. एकशे चाळीस पानं. वरचं नाव बदललं, आत शोधून शोधून बदललं, तरी पान ३७ वर "विमानतळाच्या आवारात काम करताना ओळखपत्र लावणे बंधनकारक राहील" अशी अट शिल्लक होतीच. हे वाचून आम्ही दोघंही पोट धरून हसलो. मग मी विचारलं, "अगं, पण सिस्टिम हवीय कशाला?"

"जुनी चांगली नाही. पेशंटला डिस्चार्ज द्यायला चार-चार तास लागतात."

"का लागतात?"

"बिलिंगवाले म्हणतात फार्मसीची नोंद उशिरा येते. फार्मसीवाले म्हणतात वॉर्डमधून उरलेली औषधं परत आल्याशिवाय नोंद बंद करता येत नाही. सिस्टर म्हणतात डॉक्टरांनी कार्डावर सही केल्याशिवाय औषधं परत पाठवता येत नाहीत. आणि मेडिक्लेमचा पेशंट असेल तर टीपीएची मंजुरी येईपर्यंत सगळेच बसून."

"मग यातलं नवं सॉफ्टवेअर नेमकं काय सोडवणार?"

फोनवर शांतता. मग म्हणाली, "तेच तर माहीत नाहीये, काका."

हे वाक्य म्हणजेच आरएफआय! ज्याला "माहीत नाहीये" म्हणता येतं त्याने विचारावं. पण हॉस्पिटलच्या कमिटीत तसं म्हणायची सोय नाही. तिच्या साहेबांचं म्हणणं असं की आपल्याला काय हवं तेच ठाऊक नाही हे बाहेर कळलं, तर विकणारे फसवतील. शिवाय ऑडिटरला तीन कोटेशनं लागतात, आरएफआयला कोटेशन येत नाही, मग कंपॅरेटिव्ह स्टेटमेंट कशाचं करायचं? हे तीन कोटेशनांचं प्रकरण आपल्याकडे इतकं मुरलंय की उद्या देवळात नारळ फोडायचा तरी कुणी तीन कोटेशनं मागवेल. असो.

मी तिला हसलो खरा, पण त्या हसण्याला माझा मलाच जरा अधिकार नव्हता. कारण हेच मी केलंय, आणि तेही चांगला अनुभवी असताना.

साल २००४. पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यातली, गाड्यांचे सुटे भाग करणारी कंपनी. नाव नको. सहाशे माणसं. आमचे एमडी एका मोठ्या गिऱ्हाइकाच्या मीटिंगहून आले आणि म्हणाले, "सगळ्यांकडे ईआरपी आहे. आपल्याकडे का नाही?" मला तीन महिने दिले. मी काय केलं, तर सगळ्या खात्यांना पत्रक काढलं : आपापल्या गरजा लिहून पाठवा. स्टोअरने पाठवल्या, अकाउंट्सने सगळ्यांत जास्त पाठवल्या (अकाउंट्सवाल्यांना मागायची सवय असते), क्वालिटीने इतर कुणाच्या तरी बघून उतरवल्या. एकूण ओळी झाल्या ४१२. प्रत्येक ओळीपुढे तीन रकाने : "आहे", "बदल करून देऊ", "नाही". आहेला दोन गुण, बदलला एक, नाहीला शून्य. मला त्या एक्सेलचा फार अभिमान होता. रंगीत केलं होतं.

आरएफपी सहा जणांना पाठवला, पाच जणांची उत्तरं आली. त्यातल्या चौघांच्या ४१२ ओळींत एकही "नाही" नव्हतं. एकही नाही! आमच्या क्वालिटीवाल्यांनी लिहिलेल्या दोन गरजा एकमेकींच्या विरुद्ध होत्या, तरी दोन्हींपुढे "आहे". आज कळतं की त्यांचं काही चुकलं नव्हतं. मी गुणांची स्पर्धा लावली होती आणि ते स्पर्धेला उतरले होते. "नाही" लिहिणाऱ्याचे गुण कापायचे असं मीच ठरवलं होतं.

पाचवी फर्म कोल्हापूरची, दोन भागीदारांची. त्यातला एक आधी फाउंड्रीत नोकरीला होता. दोघं एसटीने आले, पुण्यात नातेवाइकांकडे उतरले आणि चार दिवस आमच्या शॉपफ्लोअरवर फिरले. स्वखर्चाने. त्यांच्या उत्तरात ३७ "नाही" होते, आणि शेवटी अकरा पानांचं जोडपत्र : तुमच्या कारखान्यात आम्हाला काय दिसलं. इन्स्पेक्शनला नापास झालेला माल दुरुस्तीला जातो आणि त्याच नंबराने परत येतो, म्हणून उत्पादन दोनदा मोजलं जातं. प्लेटिंगला बाहेर पाठवलेला माल कमी परत येतो, पण बाहेर किती गेला याचं एका जागी खातंच नाही. स्टोअरची इश्यू स्लिप माल गेल्यावर दुसऱ्या दिवशी लिहिली जाते. दर मार्चमध्ये आमच्या स्टॉकमध्ये जो फरक निघायचा आणि ज्यापायी दोन स्टोअरकीपर बदलून झाले होते, त्याचं कारण त्या अकरा पानांत होतं.

माझ्या रंगीत एक्सेलमध्ये ते शेवटच्या नंबरावर आले.

जोडपत्र मी एमडींना दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. (एमडी कुठलीही गोष्ट दोनदा वाचत नसत.) महिन्याभरात दुरुस्तीच्या मालाला गुलाबी चिठ्ठी सुरू झाली, बाहेर जाणाऱ्या मालाचं वेगळं रजिस्टर झालं, इश्यू स्लिप खिडकीवरच लिहायची सक्ती झाली. पुढच्या मार्चला फरक बराच कमी निघाला. आणि मग एमडी म्हणाले, "आता ईआरपीची एवढी घाई काय आहे? पुढच्या वर्षी बघू." ऑर्डर कुणालाच गेली नाही. पाचही जणांना मी आभाराचं एकसारखं पत्र पाठवलं.

फाउंड्रीत काम केलेला तो भागीदार डेमोची सीडी परत न्यायला आला. मी चहा मागवला, त्याने कपाला हात लावला नाही. रागावला नव्हता, तेच जास्त वाईट होतं. म्हणाला, "साहेब, नुसतं विचारलं असतंत तरी सांगितलं असतं. चार दिवसांचे काय ते पैसे घेतले असते आणि गेलो असतो. तुम्ही आरएफपी पाठवलात, म्हणून आम्ही इचलकरंजीचं हातातलं काम सोडलं."

वर्षभराने कळलं की त्यांची भागीदारी मोडली आणि तो परत नोकरीला लागला. आमच्यामुळेच मोडली असं मी म्हणणार नाही, छोट्या धंद्यात कारणं बरीच असतात. पण त्या कारणांत माझी एक ओळ आहे हे मला माहीत आहे.

म्हणून माझं मत ठाम झालंय. आरएफपी हे एक वचन आहे. ते पाठवणारा न बोलता तीन गोष्टी सांगत असतो : घ्यायचं हे ठरलंय, पैसे बाजूला काढलेत, आणि काय हवंय ते आम्हाला कळलंय. यातली एकही गोष्ट खरी नसताना आरएफपी पाठवणं म्हणजे खोटं बोलणं. त्या खोट्याचा खर्च पाठवणाऱ्याला येत नाही. तो समोरच्या टेबलावर पडतो, आणि मोठ्या कंपनीपेक्षा दोन माणसांच्या फर्मवर कितीतरी जड पडतो. मोठ्यांकडे प्रपोजल लिहायलाच माणसं ठेवलेली असतात. छोट्यांकडे लिहिणारा, प्रोग्राम करणारा आणि एसटीने येणारा माणूस एकच असतो.

आरएफआयमध्ये असं वचन नसतं, आणि ते नसल्याचं उघड सांगितलेलं असतं. अमेरिकेच्या सरकारी खरेदीच्या नियमावलीत तर वर्षानुवर्षं हे स्पष्ट होतं की सरकारचा सध्या करार करायचा विचार नसेल आणि फक्त नियोजनासाठी किंमत, बाजार, क्षमता यांची माहिती हवी असेल तेव्हा आरएफआय वापरावा, आणि त्याला आलेलं उत्तर म्हणजे ऑफर नव्हे, ते स्वीकारून करार होत नाही. किती सोपं होतं बघा. समोरच्याला आधीच कळतं की यात किती वेळ घालायचा.

आता या क्षेत्रातले मित्र म्हणतील, "अहो, आरएफआयला कोण विचारतो? ब्रोशर जोडून पाठवतात." खरंय. मीही विकणाऱ्यांकडची असली चकचकीत उत्तरं गठ्ठ्याने वाचलीत. पण ब्रोशर येतं ते बहुधा प्रश्नच ब्रोशरचा असतो म्हणून. "आपल्या कंपनीची माहिती द्यावी" असं विचारलं तर दुसरं काय येणार? त्याऐवजी "दीडशेच्या आत खाटा असलेल्या हॉस्पिटलात तुमची सिस्टिम बसवल्यावर डिस्चार्जच्या वेळेत काय फरक पडला, आणि कुठे फरक पडला नाही?" असं विचारा. ब्रोशरमध्ये याचं उत्तर नसतं. आणि एक प्रश्न शेवटी हमखास घालावा : आम्ही काय विचारायला हवं होतं, जे विचारलं नाही?

आरएफआयचाही गैरवापर होतो, नाही कशाला म्हणू? नव्वद प्रश्न, शिवाय "संपूर्ण सोल्यूशनचा आराखडा जोडावा". हा आरएफपीच, नाव बदललेला. किंवा आहे त्याच पुरवठादाराला एएमसीचा भाव पाडायला भाग पाडायचं, म्हणून चार जणांना आरएफआय पाठवून त्यांचे आकडे त्याच्यासमोर नाचवायचे. माझा अंदाज साधा आहे. उत्तर लिहायला एका माणसाला दोन दिवसांपेक्षा जास्त लागणार असतील, तर तो आरएफआय राहिला नाही. त्याहून जास्त अभ्यास करून हवा असेल तर त्या माणसाला पैसे देऊन बोलवावं. कोल्हापूरच्या त्या दोघांच्या चार दिवसांचे पैसे आमच्या कंपनीच्या दिवाळीच्या मिठाईइतकेसुद्धा झाले नसते.

खरं तर विचारण्याच्याही आधीची एक पायरी आहे, ती घरातली. आयबीएमने १९७०च्या दशकात बिझनेस सिस्टिम्स प्लॅनिंग नावाची पद्धत गिऱ्हाइकांना दिली होती. जॉन झॅकमन यांनी १९८२ साली आयबीएम सिस्टिम्स जर्नलमध्ये तिच्यावर लेख लिहिला, त्याची झेरॉक्स आमच्याकडे हातोहात फिरायची. पद्धत अशी : वरिष्ठांच्या मुलाखती घ्यायच्या. धंद्यात कोणकोणती कामं चालतात त्यांची यादी उभी, कोणकोणती माहिती लागते त्याची आडवी. मग प्रत्येक चौकोनात खूण करायची, की ही माहिती या कामात तयार होते की नुसती वापरली जाते. बस्स. मशीन विकणारी कंपनी सांगत होती की मशीनचं नंतर बघू, आधी हा तक्ता करा. मी २००४ साली तो तक्ता केला असता, तर दुरुस्तीच्या मालाची नोंद कुठल्याच खात्यात तयार होत नाही हे माझ्याच टेबलावर मला दिसलं असतं. त्याऐवजी मी ४१२ ओळी जमवल्या. गरजांची यादी आणि धंद्याची समज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे कळायला एक माणूस चहा न पिता जावा लागला.

आणि आरएफआय काढला की सुटलो, असंही नाही. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्याच्या आरोग्य खात्याची गोष्ट या धंद्यातल्या प्रत्येकाने एकदा वाचावी अशी आहे. खात्याची पगाराची जुनी सिस्टिम, लॅटिस तिचं नाव, थकली होती, तिचा सपोर्ट संपत आला होता. २००७ साली राज्य सरकारने आपल्या सगळ्या खात्यांच्या अशा कामांसाठी एक मुख्य कंत्राटदार नेमायचं ठरवलं. आधी आरएफआय, पाठोपाठ आरएफपी, आणि सप्टेंबरात औपचारिक निविदा. सगळ्या पायऱ्या कागदोपत्री आहेत, फक्त काही महिन्यांत उरकलेल्या. डिसेंबरात आयबीएमशी करार झाला. आरोग्य खात्याच्या पगाराच्या कामाची मूळ किंमत होती सुमारे ६० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर.

आता तो पगार काय होता ते बघा. सुमारे ७८ हजार कर्मचारी. तेरा वेगवेगळे वेतन-निवाडे, त्यावर पुन्हा कामगार करार. नर्सची रात्रपाळी, ऑन-कॉल डॉक्टर, सुट्टीचा दिवस, दोन हॉस्पिटलांत विभागलेली ड्यूटी, असं करत करत पगाराच्या चोवीस हजारांहून जास्त जोडण्या. हे सगळं कुणीतरी बसून समजून घेणं हीच खरी आरएफआयची वेळ होती, आणि नेमकं तेच घाईत उरकलं गेलं. मार्च २०१० मध्ये सिस्टिम सुरू झाली. हजारो लोकांना पगार कमी मिळाला, काहींना जास्त मिळाला, काहींना मिळालाच नाही. मग चुका हाताने दुरुस्त करायला माणसांची फौज बसवावी लागली. २०१३ सालच्या चौकशी आयोगाने याला त्या देशातल्या सरकारी कारभाराच्या सर्वांत मोठ्या अपयशांच्या रांगेत बसवलं. एकूण खर्चाचा अंदाज निघाला १२० कोटी डॉलर. सरकारने पुढे आयबीएमवर दावा केला, तो २०१५ साली टिकला नाही, कारण २०१० मध्ये दोघांत समझोता झालेला होता. दोष कुणाचा किती, यावर पानंच्या पानं लिहिली गेलीत. मला त्यातली एकच गोष्ट खटकते. खरेदी करणाऱ्या सरकारलाच आपल्या पगाराचे नियम एका जागी मांडून दाखवता येत नव्हते. प्रश्नच तयार नसताना पाठवलेला आरएफआय म्हणजे रिकामं पाकीट.

याच्या उलटही होतं, म्हणजे विचारून ठेवायचं आणि मग वर्षानुवर्षं बसून राहायचं. आपल्या हवाई दलाच्या १२६ लढाऊ विमानांचा आरएफआय २००४चा, आरएफपी ऑगस्ट २००७चा. मधल्या काळात फ्रान्सच्या दासो कंपनीने आधी पुढे केलेलं मिराज बाजूला ठेवून राफेल पुढे केलं. २०१२च्या जानेवारीत राफेलची निवड झाली, तरी करार होईना. शेवटी ती प्रक्रियाच गुंडाळली आणि २०१६ मध्ये थेट सरकारी करारातून ३६ विमानं घेतली. २०१८च्या एप्रिलमध्ये ११० विमानांसाठी पुन्हा आरएफआय! माहितीही भाजीसारखी असते, आणून ठेवली की सुकते. सॉफ्टवेअरमध्ये तर आरएफआयचं उत्तर वर्षभराने वापरू नये.

गंमत म्हणजे आपल्याकडच्या नियमांत वाट आहे. केंद्र सरकारच्या २०१७च्या जनरल फायनान्शियल रूल्समध्ये दोन टप्प्यांच्या निविदेची सोय आहे. पुरवठादारांकडून तांत्रिक माहिती घेतल्याशिवाय नेमका तपशील मांडणंच शक्य नसेल, तर पहिल्या टप्प्यात किंमत न मागता तांत्रिक प्रस्ताव घ्यावेत, चर्चा करावी, तपशील सुधारावा, आणि मग दुसऱ्या टप्प्यात किंमत मागवावी. म्हणजे "आम्हाला पूर्ण कळलेलं नाही" हे म्हणायची मुभा सरकारी नियमानेच दिली आहे. तरी आपण एल-वन कोण, सगळ्यांत स्वस्त कोण, एवढंच बघायला धावतो. खाजगी ट्रस्टला तर तेही बंधन नाही.

हे सगळं पुतणीला तिसऱ्या फोनमध्ये सांगितलं (एवढं लांबण लावून नाही, पण जवळजवळ). ती हुशार आहे. म्हणाली, "काका, कमिटीला हे असं सांगितलं तर मला घरी बसवतील. दोन पानांत काय मांडू ते सांगा." मग आम्ही बसून काढलं. पहिलं अर्धं पान : हॉस्पिटल केवढं, सध्या काय वापरतो, डिस्चार्जला वेळ कुठे जातो असं आम्हाला वाटतं. त्यासाठी तिला आठवडाभर एकेका पेशंटच्या फाइलमागे घड्याळ घेऊन फिरायला सांगितलं. मग नऊ प्रश्न. खर्चाचा अंदाज विचारायचा, पण "कमीत कमी ते जास्तीत जास्त" असा, आणि खर्च कशामुळे वाढतो ते विचारून. आणि सुरुवातीलाच ठळक अक्षरांत : ही फक्त माहितीसाठी केलेली चौकशी आहे, खरेदीचा निर्णय झालेला नाही, उत्तर पाच पानांपेक्षा मोठं नको.

या शेवटच्या वाक्यावरून तिच्या साहेबांशी वाजलं. ते म्हणाले, हे वाक्य काढ, नाहीतर कुणी उत्तरच देणार नाही. तिने मला फोन केला. मी म्हटलं, "वाक्य गेलं तर मला या प्रकरणात धरू नकोस." जरा जास्तच कडक बोललो असेन. सौ. स्वयंपाकघरातून म्हणाली, "पोरीवर कशाला ओरडताय, तुमचा राग दुसऱ्याच कुणावर आहे." कुणावर ते तिने सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

वाक्य राहिलं. शुक्रवारचा मुहूर्त टळला, पण पुढच्या आठवड्यात पत्र नऊ जणांना गेलं. काल रात्री तिचा फोन आला. पाच उत्तरं आलीत, दोन निव्वळ ब्रोशरं आहेत, दोन बरी आहेत.

"आणि पाचवं?"

"पाचव्याने उत्तर दिलंच नाहीये, काका. उलट आम्हालाच एकोणीस प्रश्न पाठवलेत. वॉर्डमधून औषधं परत येतात ती कोण मोजतं, सही करायला डॉक्टर नसतील तर कुणाला अधिकार आहे, असलं सगळं."

"मग?"

"मग काय, त्यातल्या अकरांची उत्तरं आमच्यात कुणालाच माहीत नाहीत. उद्या सकाळी फार्मसीत जाऊन बसतेय."